गॅलरीचा बीम पिळतो. त्या मेसेजवर विसंबून रिंगा उघड्या ठेवू नका

"घर बांधणाऱ्यांनो, इंजिनिअरच्या पिळाच्या गणिताला फसू नका" अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कोकणातल्या गावोगावच्या ग्रुपांवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली फक्त "जनहितार्थ". माझ्याकडे तो आधी दोन-तीन ठिकाणांहून आला तेव्हा मी सोडून दिला. मग देवगडहून धाकट्या काकांनी पाठवला आणि खाली लिहिलं, "ह्यां खरां काय गो? कंत्राटदार पण ह्यांच सांगता." काकांच्या नव्या गॅलरीचं सेंटरिंग लागलंय, सळ्या बांधायला घेतल्यात. मी नकाशात बीमच्या लांब सळ्यांना वेढणाऱ्या बंद रिंगा दाखवल्या होत्या. मेसेज वाचून कंत्राटदाराने वरून उघड्या, यू आकाराच्या रिंगा वाकवून आणल्या. म्हणून आता हे सविस्तर लिहिणं भाग आहे. स्ट्रक्चरल डिझाइन हा माझा रोजचा धंदा आहे आणि या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. घराचा बीम वाकतो, तो कधी पिळत नाही. पीळ फक्त मोटारीच्या शाफ्टला बसतो. कॉम्प्युटरवर बीमचे बारीक तुकडे करून पीळ काढतात ते सगळं अंदाजपंचे, कारण तुकडे बदलले की उत्तर बदलतं, आणि हे फॅड मुळात सॉफ्टवेअर कंपन्यांनी काढलं. लोखंडाचं वजन सारखं असेल तर ताकद सारखीच, तेव्हा महाग पाईपाऐवजी अँगल वापरा. चौकोनी भरीव सळईचे कोपरे पीळ घट्ट धरतात. खुद्द सरकारी आयएस कोड म्हणतो की टॉर्शन, म्हणजे पीळ, सोडून दिलं तरी चालतं, म्हणून बंद रिंगांचा खर्च वाया. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: आपल्या आजोबांची घरं कुठल्या गणिताशिवाय शंभर वर्षं उभी आहेत.

यातला सगळ्यात घातक मुद्दा रिंगांचा आहे. त्यानेच माणूस मरू शकतो, म्हणून आधी तोच घेते.

काकांचं घर जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, माळ्याला लाकडी तक्तपोशी. पुढून दोन नवे कॉलम उभे करून त्यांच्यावर एक सिमेंटचा बीम आणि त्या बीमला धरून चार फूट, म्हणजे १.२ मीटर, पुढे आलेली गॅलरी. बीमचा गाळा, म्हणजे दोन कॉलमांमधलं अंतर, तीन मीटरचा. बीमच्या मागच्या अंगाला स्लॅब नाही, माळा लाकडी आहे आणि तो भिंतीवर टेकलाय. आता गॅलरीत चार माणसं गणपतीची मिरवणूक बघायला उभी राहिली की ती गॅलरी खाली झुकू बघणार. तिला मागे ओढून धरणारं दुसरं काहीच नाही. ती फक्त त्या बीमला धरून आहे, आणि बीम तिला धरून ठेवतो तो स्वतः पिळून घेऊनच. तो पीळ बीममधून दोन्ही टोकांना जातो आणि कॉलमांत उतरतो. दुसरी वाट नाही.

आकडे बघा. गॅलरीचा स्लॅब १२५ मिमी जाडीचा, म्हणजे चौरस मीटरला ३.१ किलोन्यूटन वजन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार). लादी आणि गिलाव्याचा १. माणसांचा भार ३. एकूण ७.१, आणि सुरक्षेसाठी दीडपट केला की १०.७. बीमच्या एक मीटर लांबीवर गॅलरीचा १२.८ किलोन्यूटन भार येतो आणि तो बीमच्या मध्यरेषेपासून ७१५ मिमी पुढे आहे. म्हणजे मीटरमागे ९.२ किलोन्यूटन-मीटर पीळ. गाळ्याचा अर्धा भाग एका टोकाकडे, अर्धा दुसऱ्या. टोकाशी १३.८ किलोन्यूटन-मीटर. कठडा मी धरलाच नाही. धरला तर आकडा वाढतो.

आयएस ४५६:२००० हे आपल्याकडचं काँक्रीटचं मानक. त्याचं कलम ४१ याच कामासाठी आहे. ते म्हणतं, पीळ असेल तर त्याला १.६ ने गुणा, बीमच्या रुंदीने भागा आणि जे येईल ते बीमच्या नेहमीच्या कातरभारात, म्हणजे बीम आडवा कातरू बघणाऱ्या भारात, मिळवा. बीम २३० मिमी रुंद आणि ४५० मिमी खोल धरला तर पिळामुळे मिळवायचा आकडा येतो ९६ किलोन्यूटन. पीळ सोडून दिला असता तर गॅलरीचा आणि बीमचा स्वतःचा भार मिळून टोकाशी कातरभार किती आला असता? २५. म्हणजे रिंगा २५ साठी बांधायच्या की १२१ साठी, एवढा हा प्रश्न आहे. मेसेज रिंगांचा जो खर्च वाया म्हणतो तो या फरकातला.

आता रिंग बंदच का हवी? बीमला कातरभार असतो तेव्हा तडा दोन्ही उभ्या बाजूंवर एकाच दिशेने तिरका जातो. पिळाचा तडा तसा जात नाही. तो एका बाजूने तिरका चढतो, वरच्या पृष्ठभागावरून पलीकडे जातो, दुसऱ्या बाजूने उलट दिशेला उतरतो आणि खालून फिरून परत येतो. चारही बाजूंना वेढा घालतो. त्याला अडवणारी सळईही चारही बाजूंना अखंड असायला हवी. यू रिंग वरच्या बाजूला उघडी असते. तिथे तडा आला की त्याला आडवं काहीच नाही, आणि तिच्या दोन उभ्या पायांची वरची टोकं कशातच अडकलेली नसल्यामुळे ते पायही निसटतात. कलम ४१.४.३ म्हणूनच कोपऱ्यातल्या सळ्यांना वेढणाऱ्या बंद रिंगा मागतं. कलम २६.५.१.७ दोन रिंगांमधलं अंतरही बांधून देतं: रिंगेच्या आखूड बाजूपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंच्या बेरजेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि ३०० मिमीच्या वर तर कधीच नको. काकांच्या बीमला हे अंतर १२० मिमीच्या आसपास येतं. कंत्राटदाराने बांधायला घेतलं होतं ते आठ इंचांवर, म्हणजे २०० मिमीवर, तेही उघडं. शिवाय रिंगेच्या प्रत्येक कोपऱ्यात निदान एक लांब सळई हवीच, आणि रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वाकवून भागत नाही, ते १३५ अंशात वळवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात घुसवायचं. सळईबाहेरचं काँक्रीटचं वेष्टण, म्हणजे कव्हर, सुटलं तरी रिंग उघडता कामा नये. सळ्या बांधणाऱ्याला याचा कंटाळा येतो, कारण वेळ जातो. वेळ जाऊ दे.

कोकणात यात आणखी एक भर पडते. समुद्राकाठचं काँक्रीट आयएस ४५६ "तीव्र" परिस्थितीत धरतं: निदान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर. कारण खारा वारा. बीमला पिळाचा बारीक तिरका तडा पडला की दोन-चार पावसाळ्यांत तिथून खार आत जातो, सळई फुगते, कव्हर सुटतं. रिंगच तिथे कमी असेल तर गंजून कमी व्हायला काय उरतं?

आता "कोडच म्हणतो की सोडून द्या" याबद्दल. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच लोक फसतात. कलम ४१.१ मध्ये अशी सवलत आहे, हे मला मान्य करावं लागेल. पण त्या कलमाचं पहिलंच वाक्य मेसेजवाल्याने खाल्लंय. ते सांगतं, जिथे तोल टिकवायलाच पीळ लागतो तिथे त्याचं डिझाइन केलंच पाहिजे. सवलत त्यापुढे येते, आणि ती वेगळ्या बीमसाठी आहे. समजा मुख्य बीमच्या मध्यावर आडवा दुय्यम बीम येऊन मिळतो. दुय्यम बीम वाकला की त्याचं टोक फिरतं आणि मुख्य बीमला थोडं पिळतं. तिथे मुख्य बीमने तो पीळ नाकारला, बारीक तडे जाऊन तो ढिला पडला, तरी दुय्यम बीम आपला भार वाकून नेतो. पडत काही नाही. अशा ठिकाणी पिळाचा कडकपणा हिशोबात शून्य धरायला कोड परवानगी देतं, आणि तडे आवरायला कातरभाराच्या नेहमीच्या रिंगा पुरतात असं म्हणतं. गॅलरीच्या बीमने पीळ नाकारला तर गॅलरी खाली येते. दोन्ही बीमना एकच नियम लावणारा माणूस एकतर कोड वाचत नाही किंवा वाचून लपवतो.

तुमच्या बीममध्ये यांपैकी कुठला पीळ आहे हे कसं ओळखायचं? ज्या सॉफ्टवेअरला मेसेजवाला शिव्या घालतो त्यानेच ते चटकन कळतं. मॉडेलमध्ये त्या बीमचा पिळाचा स्थिरांक, म्हणजे पिळाविरुद्धच्या कडकपणाचा आकडा, शंभराव्या हिश्श्यावर आणा आणि पुन्हा चालवा. दुय्यम बीमवाल्या प्रकारात पिळाचा आकडा जवळपास नाहीसा होतो आणि दुय्यम बीमच्या मध्यावरचं वाकणं वाढतं. गॅलरीच्या बीममध्ये पीळ जिथल्या तिथे राहतो, १३.८ चा १३.८, फक्त बीम कित्येक पट जास्त फिरलेला दिसतो. मी काकांच्या बीमचं हे करून पाहिलं आणि दोन्ही निकालांचे फोटो कंत्राटदाराला पाठवले. काही इंजिनिअर प्रत्येक बीमला डोळे मिटून हा स्थिरांक शून्याजवळ ठेवतात, पिळाचा रकाना न बघताच ड्रॉइंग काढतात. मेसेज त्यांच्याबद्दल असता तर मीच पुढे पाठवला असता.

"बीम पिळत नाही, शाफ्ट पिळतो" याला वेगळं उत्तर द्यायची आता गरज नाही. वळणाचा बीम, मधल्या एकाच बीमवर बसवलेला लोखंडी जिना, एका खांबावरचा होमस्टेचा फलक, हे सगळं पिळतं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं त्या वाऱ्यात असा एकखांबी फलक काय सोसतो याचा विचार करा. वारा फलकाला ढकलतो, फलक खांबाच्या एका बाजूला आहे, म्हणून खांब वाकतो आणि पिळतोही.

तिथेच मेसेजचा अँगलचा सल्ला येतो. "वजन सारखं तर ताकद सारखी." हे वाकण्याच्या बाबतीतही खरं नाही, पिळाच्या बाबतीत तर पूर्ण उलटं आहे. पिळाला विरोध करायला लोखंडाने पूर्ण वळसा घेतलेला असावा लागतो. पाईप वळसा पूर्ण करतो. अँगल, चॅनेल, आय सेक्शन करत नाहीत. हे स्वतः बघायचं असेल तर हातभर लांबीचा पीव्हीसी पाईप घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून बघा. हलणार नाही. मग हॅक्सॉने एका रेषेत टोकापासून टोकापर्यंत उभा चिरा. वजन तेवढंच आहे, ब्लेडच्या जाडीइतकाच भुगा गेला. आता पिळा. चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून लांबीच्या दिशेने सरकताना दिसतील, एक पुढे, एक मागे, आणि पाईप हातात सहज वळेल. ते सरकणं अखंड पाईप होऊ देत नव्हता, ताकद त्यात होती. आकड्यांत: लोखंडी पाईपाचा मध्यव्यास १०० मिमी आणि जाडी ४ मिमी असेल तर चिरल्यावर त्याचा पिळाविरुद्धचा कडकपणा साधारण ४७० पट घटतो आणि तेवढ्याच पिळाला आतला ताण साडेसदतीस पट होतो. ब्रेट या जर्मन इंजिनिअरने बंद नळीचं सूत्र १८९६ मध्येच दिलंय. एकखांबी फलकाला पाईप किंवा बॉक्स घ्या. अँगलचाच आग्रह असेल तर खांब दोन घ्या आणि फलक मधे बसवा.

कोपऱ्यांचं म्हणणं तर मुळापासून चूक आहे. चौकोनी भरीव सळई पिळली की कोपऱ्याच्या टोकाला ताण शून्य असतो, सगळ्यात जास्त ताण प्रत्येक बाजूच्या मध्यावर येतो. कोपरा पीळ धरत नाही, तो नुसता सोबत फिरतो. तेवढ्याच वजनाची गोल सळई चौकोनीपेक्षा पिळाला १३ टक्के जास्त कडक असते. ही चूक जुनी आहे, हे खरं. गोल सळईचा छेद, म्हणजे आडवा कापल्यावर दिसणारा भाग, पिळल्यावर सपाट राहतो, म्हणून चौकोनीचाही राहत असेल असं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या माणसांनीही धरलं होतं. सेंट-व्हेनां या फ्रेंच इंजिनिअरने १८५३ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे निबंध मांडून दाखवलं की चौकोनी छेद सपाट राहत नाही, तो लांबीच्या दिशेने वर-खाली उचलतो. त्या जुन्या समजुतीने काढलेला कडकपणा खऱ्यापेक्षा साडेअठरा टक्के जास्त येतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुटलेला गुंता आज "जनहितार्थ" म्हणून परत घातला जातोय याचा मला राग येतो.

आता तुकड्यांचा मुद्दा. याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण "कॉम्प्युटर काहीही दाखवतो" हे वाक्य शिकलेली माणसंही मान डोलावून ऐकतात.

पहिली गोष्ट, ही रीत सॉफ्टवेअर कंपन्यांनी काढलेली नाही. कॉम्प्युटर नव्हते तेव्हाची ती आहे आणि तिचा जन्मच पिळाच्या प्रश्नात झाला म्हटलं तरी चालेल. जर्मन शास्त्रज्ञ प्रांटलने १९०३ मध्ये दाखवलं की बीमच्या छेदाच्या आकाराचं भोक असलेल्या पत्र्यावर साबणाचा पडदा ताणून खालून हलकी फुंकर घातली तर पडद्याचा उतार म्हणजे ताण आणि पडद्याखालचं आकारमान म्हणजे पिळाचा कडकपणा. दोघांचं समीकरण एकच. गणितज्ञ रुंगेने १९०८ मध्ये फुलीच्या आकाराच्या दांड्याचा पीळ कागदावर चौकटी आखून काढला. गणितज्ञ कुरांटने १९४३ मध्ये छापलेल्या निबंधात पोकळ चौकोनी दांड्याचा छेद त्रिकोणांत तोडून पिळाचा कडकपणा काढला. आज फायनाईट एलिमेंट म्हणून जी रीत चालते तिचं हे सुरुवातीचं स्पष्ट उदाहरण. त्या नावाने ती ओळखली जाऊ लागली ती १९६० मध्ये, अमेरिकी इंजिनिअर क्लफच्या लेखापासून.

दुसरी गोष्ट, "तुकडे बदलले की उत्तर बदलतं." बदलतं. पण कसं बदलतं ते बघा, आणि हे बघायला कॉम्प्युटर लागत नाही, वहीचं एक पान पुरतं.

चौकोनी छेद घ्या. त्याच्यावर प्रांटलचा पडदा ताणलाय असं समजा, कडेवर पडद्याची उंची शून्य. आत चौकटी आखा. रेघा जिथे छेदतात त्या प्रत्येक बिंदूला एकच नियम: स्वतःच्या उंचीच्या चौपटीतून चार शेजाऱ्यांच्या उंचीची बेरीज वजा केली की उत्तर १ यायला हवं. बाजूचे दोनच भाग केले तर आत एकच बिंदू उरतो, चारही शेजारी कडेवर, म्हणून त्याची उंची पाव. बाजूचे चार भाग केले तर आत नऊ बिंदू, पण चौकोन चारी अंगांनी सारखा असल्यामुळे वेगळ्या उंच्या तीनच: मधल्या बिंदूची, बाजूकडच्या चार बिंदूंची आणि कोपऱ्याकडच्या चार बिंदूंची. त्या येतात १.१२५, ०.८७५ आणि ०.६८७५. पडताळून बघा. मधला: चार गुणिले १.१२५ म्हणजे ४.५, वजा चार गुणिले ०.८७५ म्हणजे ३.५, उरला १. बाजूचा: ३.५ वजा १.१२५ वजा दोनदा ०.६८७५, उरला १. कोपऱ्याचा: २.७५ वजा १.७५, उरला १. नऊही उंच्यांची बेरीज ७.३७५. तिला ४ ने गुणून २५६ ने भागलं की ०.११५२. हा त्या चौकोनाच्या पिळाच्या कडकपणाचा गुणांक, बाजूच्या चौथ्या घाताला लावायचा.

खरं उत्तर, सेंट-व्हेनांच्या श्रेणीतून आलेलं, ०.१४०६ आहे. एका बिंदूने आपल्याला ०.०६२५ मिळालं होतं. नऊ बिंदूंनी ०.११५२. बाजूचे आठ भाग केले, आत ४९ बिंदू आले, तर ०.१३३७. उत्तर बदलतंय, पण भटकत नाहीये. ते दर वेळी खऱ्याच्या जवळ जातंय, आणि त्यातही शिस्त आहे: चौकट निम्मी केली की चूक जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते. एकदा ही शिस्त कळली की शेवटच्या दोन उत्तरांवरून पुढचं काढता येतं. ०.१३३७ ची चौपट करून त्यातून ०.११५२ वजा करा आणि तीनने भागा: ०.१३९९. खऱ्यापासून अर्धा टक्का दूर. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्डसनने ही युक्ती १९१० च्या सुमारास वापरात आणली, तेव्हा गणित करायला कारकून असत. याला अंदाजपंचे म्हणायचं असेल तर आधी हे पान सोडवून दाखवावं.

इथे एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. मेसेजमध्ये एक चित्र आहे: अँगलच्या आतल्या कोपऱ्यात लाल ठिपका, आणि खाली "तुकडे बारीक करत गेलो तर ताण वाढतच जातो, थांबतच नाही." हे चित्र खोटं नाही. आतला कोपरा काटेकोर धारदार काढला तर गणितानेच तिथला ताण अनंत आहे. तुकडे जितके बारीक तितका आकडा मोठा येणार. पण खऱ्या लाटीव अँगलला आतल्या कोपऱ्यात गोलाई असते. ती गोलाई मॉडेलमध्ये काढली की आकडा एका जागी थांबतो. आणि गोलाई नाही काढली तरी एकूण पिळाचा कडकपणा नीट थांबतोच, फक्त त्या एका बिंदूचा ताण वाचायचा नसतो. ज्याला हे माहीत नाही त्याने रंगीत चित्र बघून घाबरायचं कारण नाही आणि दुसऱ्याला घाबरवायचं तर अजिबात नाही.

दुसरी उणीव मेसेजने पकडली नाही, ती मीच सांगते, कारण ती खरी आहे. नेहमीच्या फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये बीम म्हणजे एक रेघ, प्रत्येक टोकाला सहा हालचाली. पातळ लोखंडी आय सेक्शन पिळताना त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्या उलटसुलट वाकतात, व्लासोव्ह या रशियन इंजिनिअरने तो सिद्धान्त सविस्तर मांडला, आणि त्यासाठी सातवी हालचाल लागते. ती त्या रेघेत नसते. तेव्हा लोखंडी आय बीम पिळात वापरताना वेगळा हिशोब करावा लागतो. काकांच्या भरीव आयताकृती काँक्रीट बीमला हा प्रश्न नगण्य आहे.

राहिली आजोबांची घरं. ती उभी आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण ती कशी बांधलीत ते बघा. चिऱ्याची जाड भिंत, तिच्यावर तुळई, तुळईवर वासे, वाशांवर रिपा आणि कौलं. प्रत्येक वजन आपल्या खालच्या आधारावर सरळ उतरतं. पडवी पुढे काढली तर तिच्या पुढच्या कडेला खांब दिले. भिंतीबाहेर चार फूट हवेत लोंबणारं जड काही त्यांनी केलं नाही. पिळाचं गणित त्यांना लागलं नाही, कारण त्यांनी पीळ येऊच दिला नाही. काकांनी तसंच करायचं ठरवलं, गॅलरीच्या पुढच्या कडेला दोन खांब दिले, तर बीमचा बहुतेक सगळा पीळ जाईल आणि मी आनंदाने रिंगा विरळ करून देईन. अंगण मोकळं हवं, खांब नको, गॅलरी तरंगती हवी, तर मग बंद रिंगा लागतील.

ज्यांचं सेंटरिंग अजून उघडं आहे त्यांनी काँक्रीट ओतायच्या आधी वरून हात घालून बघा: रिंग चारही बाजूंनी बंद आहे का, तिचं टोक आत वळलंय का, चारही कोपऱ्यांत सळई आहे का, टोकाकडे रिंगा ड्रॉइंगप्रमाणे जवळ आहेत का. ज्यांची गॅलरी उघड्या रिंगांवर ओतून झाली आहे त्यांनी बीमच्या दोन्ही बाजू नीट बघा. समोरच्या बाजूला आणि मागच्या बाजूला उलट दिशेने तिरके गेलेले तडे, विशेषतः कॉलमजवळ, दिसले तर त्यावर गिलावा मारून झाकू नका. गॅलरीच्या पुढच्या कडेखाली टेकू लावा, वर कुणाला जाऊ देऊ नका आणि इंजिनिअरला बोलवा. टेकू त्याने सांगितल्याशिवाय काढायचा नाही.

काकांच्या इथे यू रिंगा परत गेल्या आहेत. बंद रिंगा वाकवून झाल्या की बांधकाम बघायला मी स्वतः देवगडला जाणार आहे, आणि तोवर काँक्रीट ओतायचं नाही असं कंत्राटदाराला लेखी कळवलंय.